तातडीच्या मालवाहतुकीसाठी पिकअप घ्यावी का? निर्णयापूर्वी करायचा हिशेब

वाळूजहून चाकणला सुटे भाग घेऊन निघालेला मोठा ट्रक रस्त्यात बंद पडला, तर कारखान्यातील जुळणीची लाइन थांबू नये म्हणून पुरवठादार तीनशे-चारशे किलो माल तातडीने एका पिकअपमध्ये चढवतो आणि ती गाडी मध्ये कोठेही माल न चढवता-उतरवता थेट कारखान्याच्या फाटकापर्यंत पाठवतो. लाइन थांबली तर त्याच्या नावावर पडणारी वजावट भाड्याच्या कितीतरी पट असते, म्हणून या एका खेपेला तो टनाचा नव्हे, तर वेळेचा भाव देतो. अमेरिकेत अशा वाहतुकीला हॉटशॉट म्हणतात. आपल्याकडे ट्रान्सपोर्टवाले ‘डायरेक्ट गाडी’ किंवा ‘अर्जंट भाडं’ म्हणतात. एका गाडीवर सुरू होऊ शकणारा हा व्यवसाय आहे आणि म्हणूनच हाताशी दोन-अडीच लाख रुपये व चालवण्याचा परवाना असलेल्या अनेक तरुणांना तो सोपा वाटतो.

हा लेख त्यांच्यासाठी आहे. गाडी कोणती घ्यावी, हा प्रश्न यात बराच पुढे येतो, कारण गाडी घेऊन मग काम शोधणे हा उलटा क्रम आहे आणि त्या क्रमाने गेलेल्या माणसाचा हप्ता बहुधा पहिल्या सहा महिन्यांतच थकू लागतो.

पहिली पायरी : काम कोठे आहे ते पाहणे

तातडीचा माल सगळीकडे निघत नाही. तो अशा ठिकाणी निघतो जेथे एका कारखान्याचे काम दुसऱ्याच्या पुरवठ्यावर तासांच्या हिशेबाने अवलंबून असते. चाकण, तळेगाव, रांजणगाव आणि पिंपरी-चिंचवड हा पट्टा. छत्रपती संभाजीनगरजवळचे वाळूज आणि शेंद्रा. नाशिकचे अंबड आणि सातपूर. कोल्हापूरचे शिरोली आणि गोकुळ शिरगाव ही त्याची ठळक ठिकाणे. कोल्हापूरच्या फाउंड्र्यांतून ओतकाम पुण्याकडे येते, भोसरीतील टूलरूममधून साचे दुरुस्त होऊन परत जातात, कोठे यंत्र बंद पडले तर त्याचा एखादा गिअरबॉक्स रात्रीतच हलवावा लागतो. भिवंडीच्या गोदामांतूनही मालाचा ओघ मोठा आहे, परंतु तेथील बरेचसे काम ठरावीक फेऱ्यांचे असल्याने त्याचा दर वेगळ्या चालीने ठरतो.

आपल्या पट्ट्यातील दहा-पंधरा लहान-मध्यम पुरवठादारांची यादी करावी आणि त्यांच्या डिस्पॅच, म्हणजे माल रवाना करणाऱ्या, विभागात प्रत्यक्ष जाऊन बोलावे. मालकापेक्षा डिस्पॅचच्या माणसाला खरी स्थिती माहीत असते, कारण रात्री अकराला गाडी शोधण्याची वेळ त्याच्यावर येते. महिन्यात अशा किती गाड्या लागतात, माल साधारण किती वजनाचा व किती लांबीचा असतो, तो कोठे जातो, सध्या कोण नेतो आणि त्याच्याबद्दल तक्रार काय आहे, हे विचारावे. बिल किती दिवसांनी निघते, हा प्रश्न मात्र डिस्पॅचमध्ये नव्हे, अकाउंट्समध्ये विचारावा. दोन्हीकडची उत्तरे पुष्कळदा जुळत नाहीत.

‘तुम्ही गाडी घ्या, काम आम्ही देतो’ हे वाक्य येथे हमखास ऐकू येते. ते बोलणाऱ्याचा हेतू चांगला असू शकतो, तरीही त्याला काम मिळाले असे समजू नये. व्हेंडर कोड, म्हणजे कंपनीच्या यादीत आपला पुरवठादार क्रमांक, मिळणे, दरपत्रकावर सही होणे आणि महिन्याला किमान किती खेपा मिळतील याचा गेल्या वर्षीचा आकडा दाखवला जाणे, या तीन गोष्टी झाल्या म्हणजे कामाला आकार आला असे म्हणता येईल. मार्चअखेरीस माल बाहेर काढण्याची घाई असते आणि दिवाळीच्या सुट्टीत कारखाने शांत असतात, हा चढउतारही त्या आकड्यात दिसला पाहिजे. एकाच गिऱ्हाईकावर सगळा भार टाकून गाडी घेणे मला धोक्याचे वाटते. तीन वेगवेगळ्या व्यवसायांतील तीन गिऱ्हाइके असली, तर एकाची मंदी पचवता येते.

दुसरी पायरी : स्वतःची गाडी न घेता दोन महिने काम करून पाहणे

ओळखीच्या पिकअपमालकाशी बोलून त्याची गाडी मिळालेल्या कामावर लावावी, बिल त्यानेच करावे आणि आपण ठरलेले कमिशन घ्यावे. कमाई थोडी होईल, पण जी माहिती मिळेल ती विकत मिळत नाही. दुसऱ्याची गाडी लावून आपल्या नावाने बिल्टी (माल वाहून नेण्यासाठी घेतल्याची पावती) काढण्याचा मोह मात्र सुरुवातीला टाळावा, कारण त्या क्षणी आपली भूमिका गाडीमालकाची न राहता मालाची जबाबदारी घेणाऱ्या ट्रान्सपोर्टरची होते. त्याला २००७ चा रस्तेमार्गे मालवाहतुकीचा कायदा आणि जीएसटीचे वेगळे नियम लागू होतात.

या काळात शक्य तितक्या खेपांना चालकाशेजारी बसून जावे. पुणे-नाशिक महामार्गावर चाकणच्या तळेगाव चौकात आणि आंबेठाण चौकात संध्याकाळी किती वेळ जातो, हे नकाशावर पाहून कळते त्याहून गाडीत बसून फार वेगळे कळते. कारखान्याच्या फाटकावरही बरेच शिकायला मिळते. पहाटे तीनला गाडी वेळेवर पोहोचते, परंतु सुरक्षारक्षकाच्या हातातील ई-वे बिलावर, म्हणजे जीएसटीच्या नियमाने मालासोबत लागणाऱ्या ऑनलाइन कागदावर, आदल्या दिवशी ठरलेल्या, आयत्या वेळी रद्द झालेल्या गाडीचा नंबर असतो. पुरवठादाराच्या माणसाने झोपेतून उठून पार्ट-बी (त्यातील गाडीच्या नंबराचा भाग) बदलून पाठवेपर्यंत गाडी बाहेरच उभी राहते. कोठे चालकाच्या पायात सेफ्टी शूज नाहीत म्हणून, कोठे चाकाखाली लावायचे स्टॉपर नाहीत म्हणून, कोठे पीयूसी कालच संपली म्हणून गाडी आत घेतली जात नाही. माल तातडीचा असतो, पण फाटकाचे नियम तातडीसाठी बदलत नाहीत.

प्रत्येक खेपेची नोंद वहीत ठेवावी: भरलेले किलोमीटर, रिकामे किलोमीटर, भरण्यासाठी व उतरवण्यासाठी थांबलेले तास, टोल, आणि पैसे प्रत्यक्ष हातात आल्याची तारीख. पुढील सगळा हिशेब याच पाच रकान्यांवर उभा राहतो.

तिसरी पायरी : किलोमीटरचा खरा खर्च काढणे

येथे घाई करू नये. खालील आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवण्यासाठी धरले आहेत. आपल्या गावचा डिझेलचा भाव, आपली गाडी आणि आपले कर्ज यांप्रमाणे ते बदलून घ्यावेत.

समजा, रस्त्यावर येईपर्यंत पिकअपची किंमत दहा लाख रुपये पडली, दोन लाख आपण भरले आणि आठ लाखांचे कर्ज घटत्या शिलकीवर (म्हणजे फक्त उरलेल्या कर्जावर व्याज) साडेदहा टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतले. मासिक हप्ता सुमारे १७,२०० रुपये येतो. विम्याचे महिन्याला ३,०००, कर, पासिंग (आरटीओतील गाडीची तपासणी) आणि पीयूसीचे मिळून १,०००, चालकाचा पगार १८,००० आणि फोन, पार्किंग अशा किरकोळ बाबींचे १,८०० धरले, तर गाडी एक किलोमीटरही न हलता दरमहा ४१,००० रुपये लागतात. आपण स्वतः चालवणार असलो तरी चालकाचा पगार हिशेबात धरलाच पाहिजे. तो न धरणारा माणूस नफा म्हणून जे मोजतो, ती त्याची स्वतःची मजुरी असते. आजारपणात किंवा घरच्या कार्याला पर्यायी चालक ठेवावा लागला की ती गोष्ट उघडी पडते.

आता चालण्याचा खर्च. डिझेल लिटरला ९० रुपये आणि भरलेल्या-रिकाम्या गाडीची सरासरी १२ किलोमीटर धरली, तर किलोमीटरला साडेसात रुपये होतात. चार टायरांना २६,००० रुपये लागतात व ते ४०,००० किलोमीटर चालतात असे धरल्यास पासष्ट पैसे. तेलपाणी, ब्रेक, क्लच, पाटे आणि अचानक निघणारी कामे यांसाठी एक रुपया पस्तीस पैसे बाजूला टाकावेत. एकूण साडेनऊ रुपये झाले.

महिन्याला ३,००० किलोमीटर गाडी चालली, तर एकूण खर्च ६९,५०० रुपये, म्हणजे किलोमीटरला सुमारे २३ रुपये. २,००० किलोमीटरच चालली, तर हाच आकडा ३० रुपयांवर जातो. आणि ३,००० किलोमीटरपैकी भाडे मिळवून देणारे अंतर १,८०० किलोमीटरच असेल, तर त्या भरलेल्या प्रत्येक किलोमीटरमागे साडेअडतीस रुपयांहून अधिक मिळाले तरच खर्च भरून निघतो. टोल यात धरलेला नाही आणि नफाही नाही.

एकाच खेपेवर ही रीत लावून पाहू. चाकण ते वाळूज अंतर सुमारे सव्वादोनशे किलोमीटर धरले, तर येऊनजाऊन ४५० किलोमीटर होतात. दलाल म्हणतो, ‘पाच हजार देतो, रोख.’ डिझेलला ३,३७५ रुपये लागतात, म्हणजे हातात १,६२५ उरलेले दिसतात. टोल व चालकाच्या भत्त्याचे ६०० वजा जाता हजारभर रुपये खिशात राहतात आणि नवख्याला दिवस चांगला गेला असे वाटते. प्रत्यक्षात ४५० किलोमीटरचा चालण्याचा खर्च ४,२७५ रुपये, महिन्यात २५ दिवस कामाचे धरल्यास त्या दिवसाच्या वाट्याचा स्थिर खर्च १,६४० रुपये आणि वरचे ६०० असे मिळून ६,५१५ रुपये झालेले असतात. म्हणजे त्या खेपेत दीड हजार रुपयांचा तोटा आहे. तो दिसतो मात्र पुढे टायर बदलायच्या वेळी किंवा विमा भरायच्या महिन्यात.

परतीचे भाडे मिळाले तर चित्र पालटते. वाळूजहून पुण्याकडे २,५०० रुपयांचा माल लगेच मिळाला, तर एकूण ७,५०० येतात आणि सुमारे हजार रुपये सुटतात. पण त्याच परतीच्या मालासाठी गाडी एक पूर्ण दिवस थांबली, तर दुसऱ्या दिवसाचे १,६४० रुपये अंगावर येतात आणि हिशेब पुन्हा तोट्यात जातो. ‘रिकामं कशाला यायचं’ म्हणून गाडी मिळेल त्या दराने, मिळेल तेव्हा भरणे ही या धंद्यातील सर्वांत महाग सवय आहे असे माझे मत आहे. परतीच्या भाड्यासाठी किती तास थांबायचे याची मर्यादा घरून निघण्यापूर्वी ठरवून ठेवावी. तातडीच्या कामात तर दर ठरवतानाच दोन्ही बाजूंचे अंतर धरून भाडे सांगावे. गिऱ्हाईक पूर्ण गाडी आणि पूर्ण वेळ मागत असते, त्यामुळे तसे सांगण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

चौथी पायरी : गाडी निवडणे

वरचा हिशेब पटला, तरच येथे यावे. सुमारे पाऊण टनाचा छोटा हत्ती, म्हणजे टाटा एस, २००५ मध्ये बाजारात आला आणि शहरातील गल्लीबोळांतल्या मालासाठी तो आजही सोयीचा आहे. परंतु जिल्ह्याबाहेरच्या रात्रीच्या खेपांसाठी, विशेषतः ओतकाम किंवा साचे अशा आकाराने लहान पण वजनाने भारी मालासाठी, सव्वा ते दोन टनांची पिकअप लागते. हौद्याची लांबी आपल्या गिऱ्हाइकाच्या पॅलेटच्या मापाने तपासावी. फाळका लावल्यावर दुसरे पॅलेट चार बोटे बाहेर राहते, असे घरी आल्यावर कळणे परवडणारे नाही.

मोटार वाहन कायद्याच्या कलम ६६ नुसार मालासकट एकूण वजन ३,००० किलोपर्यंत असलेल्या मालवाहू वाहनाला परमिट लागत नाही. हे वजन आरसीवर नोंदलेले असते. एकाच नावाच्या गाडीची दोन मॉडेल या मर्यादेच्या दोन बाजूंना पडू शकतात, म्हणून विक्रेत्याच्या बोलण्यावर न जाता आकडा वाचूनच ठरवावे. त्यापुढच्या गाडीला राज्यापुरते किंवा बाहेर जायचे असल्यास राष्ट्रीय परमिट घ्यावे लागते. वापी, सिल्वासा, बेळगाव किंवा गोव्याकडे नियमित खेपा होणार असतील, तर त्या त्या ठिकाणच्या कराची चौकशी आरटीओत आधीच करून ठेवावी. परवान्याबाबतचा जुना गोंधळ मात्र मिटला आहे: ६ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच सदस्यांच्या घटनापीठाने दिलेल्या निकालानुसार हलक्या मोटार वाहनाचा परवाना असलेल्या व्यक्तीला ७,५०० किलोपर्यंतचे मालवाहू वाहन वेगळ्या नोंदीशिवाय चालवता येते.

घरची पांढऱ्या नंबरप्लेटची गाडी भाड्याच्या मालाला वापरू नये. पिवळ्या प्लेटची नोंदणी, व्यावसायिक विमा आणि पासिंग या तिन्ही गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. एक नसली की अपघाताच्या वेळी बाकीच्या दोन्हींचा उपयोग होत नाही.

जुनी गाडी घेणे वाईट नाही. कमी भांडवलात सुरुवात होते आणि हप्त्याचा ताण हलका राहतो. पासिंग मात्र नव्या गाडीला व पुढे आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी करावे लागते, म्हणून सात-साडेसात वर्षांची गाडी स्वस्त दिसत असली तरी त्यामागचा खर्च धरावा. आरसीवर बँकेचा बोजा आहे का, तो फिटल्याचे फॉर्म ३५ व बँकेचे ना-हरकत पत्र मिळाले का, ई-चलनाचा थकलेला दंड किती, विमा आपल्या नावावर कधी होणार, हे पैसे देण्यापूर्वी पाहावे. पाटे, चासीवरचे वेल्डिंग आणि हौद्याचा तळ ओळखीच्या मेस्त्रीला दाखवावा. जास्त वजन वाहिलेली गाडी रंग मारून लपवता येते, पण चासीखाली झोपून पाहणाऱ्या मेस्त्रीपासून नाही.

पाचवी पायरी : कर्जाचा दर वाचणे

फायनान्सवाला ‘फक्त सात टक्के’ म्हणतो तेव्हा तो बहुधा फ्लॅट दर, म्हणजे कर्ज फिटत गेले तरी सुरुवातीच्या पूर्ण रकमेवर लागणारा दर, सांगत असतो. आठ लाखांवर सात टक्के फ्लॅटने पाच वर्षांचे व्याज २,८०,००० रुपये, हप्ता १८,००० रुपये. म्हणजे घटत्या शिलकीच्या भाषेत तो दर जवळजवळ साडेबारा टक्के आहे. बँकेचा साडेदहा टक्क्यांचा दर कानाला मोठा वाटतो, पण हप्ता ८०० रुपयांनी कमी बसतो. प्रत्येकाकडून घटत्या शिलकीवरचा वार्षिक दर, प्रक्रिया शुल्क आणि मुदतीपूर्वी कर्ज फेडल्यास लागणारा आकार लेखी घ्यावा.

दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी बँकेत मुद्रा योजनेची चौकशी करावी. पाच ते दहा लाखांची कर्जे तिच्या ‘तरुण’ गटात येतात. मराठा समाजातील तरुणांसाठी अण्णासाहेब पाटील आर्थिक मागास विकास महामंडळाची व्याज परतावा योजना आहे आणि इतर समाजांसाठीही राज्याची महामंडळे आहेत. व्याजाचा परतावा नंतर मिळतो, हप्ता आधी भरावा लागतो, ही बाब लक्षात ठेवून नियोजन करावे.

गाडीच्या किमतीइतकेच महत्त्वाचे आहे खेळते भांडवल. बिले पंचेचाळीस ते साठ दिवसांनी मिळणार असतील, तर वरच्या उदाहरणातील ६९,५०० रुपयांचा मासिक खर्च दोन महिने आपल्याला स्वतःच्या खिशातून चालवावा लागतो, म्हणजे एक लाख चाळीस हजारांच्या आसपास रक्कम हाताशी हवी. ही रक्कमसुद्धा डाउनपेमेंटमध्ये ओतून मोठी गाडी घेणारे चौथ्या महिन्यात डिझेलसाठी उसनवारी करू लागतात.

सहावी पायरी : कागदपत्रे, विमा आणि कर

७,५०० किलोपर्यंतच्या मालवाहू वाहनाच्या तृतीय पक्ष विम्याचा मूळ दर २०२२ च्या अधिसूचनेत १६,०४९ रुपये ठरला. त्यावर कर आणि गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा विमा वेगळा. पगारी चालकासाठीचे संरक्षण पॉलिसीत समाविष्ट आहे ना, हे विचारून घ्यावे. गाडीच्या विम्यात आतला माल येत नाही. मालाचा विमा गिऱ्हाइकाचा आहे की नाही हे दरपत्रकात लिहून घ्यावे, नाहीतर ताडपत्रीतून पाणी शिरले म्हणून चार लाखांच्या इलेक्ट्रॉनिक भागांची भरपाई आपल्याकडे मागितली जाऊ शकते. आणखी एक गोष्ट आग्रहाने सांगावीशी वाटते: गावाकडचे वऱ्हाड असो वा यात्रा, मालाच्या हौद्यात माणसे बसवू नयेत. ते बेकायदा आहे, त्या माणसांना विम्याचे संरक्षण नसते, आणि अशा अपघातांत एका घरातील चार-चार जण गेल्याच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो.

मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असली की ई-वे बिल लागते. महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात ही मर्यादा एक लाख आहे. बिल सहसा माल पाठवणारा काढतो, परंतु गाडीचा नंबर चुकीचा असला तर रस्त्यात अडकते ती आपली गाडी. दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी त्याची मुदत असते. गाडी बिघडून माल दुसरीत घातला, तर नवा नंबर भरून घेतल्याशिवाय पुढे निघू नये.

बिल्टी न काढता केवळ गाडी भाड्याने देणाऱ्या मालकाच्या भाड्यावर सध्या जीएसटी लागत नाही, ट्रान्सपोर्ट कंपनीला गाडी लावली तरीही नाही. आयकरात दहापर्यंत गाड्या असणाऱ्यांना, ४४एई या कलमाने ओळखल्या जाणाऱ्या तरतुदीनुसार, हलक्या मालवाहू गाडीमागे महिन्याला ७,५०० रुपये अनुमानित उत्पन्न दाखवण्याची सोय आहे. गिऱ्हाइकाला पॅन आणि दहापेक्षा जास्त गाड्या नसल्याचे घोषणापत्र दिले, तर तो भाड्यातून टीडीएस, म्हणजे आगाऊ आयकर, कापत नाही. हे घोषणापत्र पहिल्या बिलासोबतच जोडावे, कारण कापलेली रक्कम परत मिळायला विवरणपत्र भरेपर्यंत थांबावे लागते.

उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, मोफत आहे आणि ती पहिल्याच आठवड्यात करून टाकावी. नोंदणीकृत सूक्ष्म उद्योगाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत देण्याचे बंधन २००६ च्या कायद्याने खरेदीदारावर आहे. बिलावर उद्यम क्रमांक छापलेला असला की अकाउंट्समधील संभाषणाचा सूर बदलतो, असा बहुतेकांचा अनुभव आहे.

सातवी पायरी : दर आणि अटी लेखी ठरवणे

भाड्याच्या आकड्यावर घासाघीस करताना बाकीच्या अटी निसटतात आणि कमाई तेथेच गळते. गाडी फाटकावर पोहोचल्यापासून किती तास मोफत आणि त्यानंतर हॉल्टिंग (गाडी थांबवल्याचा आकार) किती, टोल भाड्यात की वेगळा, खेप आयत्या वेळी रद्द झाली तर किती द्यायचे, हे दरपत्रकात यावे. हमाली आणि वाराई कोणी द्यायची हाही प्रश्न आधीच सोडवावा. बाजार समित्या, लोखंड बाजार आणि गोदामांत माल उतरवणाऱ्या माथाडी कामगारांसाठी १९६९ पासून कायदा आहे आणि त्यांच्या श्रमाचे दाम मिळालेच पाहिजे; प्रश्न एवढाच असतो की ते माल मागवणाऱ्याने द्यायचे की गाडीवाल्याने, आणि लेखी नसले की शेवटी चालकाच्या खिशातून जातात.

माल पोहोचल्यावर सही-शिक्क्याची पोच घ्यावी, तिचा फोटो त्याच मिनिटाला गिऱ्हाइकाला पाठवावा आणि मूळ प्रत जपावी. पोच हरवली की बिल अडते. शहरातील मोबाइल अ‍ॅपवर मिळणाऱ्या भाड्यांचा उपयोग रिकामे दिवस भरण्यासाठी करावा, पण त्यांच्या दराला आपला किलोमीटरचा आकडा लावून पाहिल्याखेरीज भाडे स्वीकारू नये.

वजनाच्या बाबतीत तडजोड करू नये. ‘दोनशे किलोच जास्त आहे’ असे म्हणणारा माणूस दंड भरायला येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जास्त भारासाठी २०,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे २,००० रुपये दंडाची तरतूद आहे, आणि अपघात झाला तर जादा वजन विमा कंपनीच्या हाती आयतेच कारण देते.

झोपेचा हिशेब

तातडीचा माल बहुतेक वेळा रात्रीच निघतो, आणि या व्यवसायात सर्वांत जास्त काळजी मला याच बाबीची वाटते. दिवसभर शहरात भाडी मारून रात्री दहाला वाळूजचा फोन आला की ‘नाही’ म्हणणे जड जाते. पण पहाटे दोन ते पाच या वेळात, सरळ आणि मोकळ्या रस्त्यावर, डुलकी लागायला दोन सेकंद पुरतात. ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जून २०२५ मध्ये इगतपुरी-आमणे हा शेवटचा टप्पा सुरू होऊन पूर्ण खुला झाला, आणि नागपूरची खेप आता एका दमात होऊ शकते. नेमके म्हणूनच एकट्या चालकाने ती एका दमात करू नये. रात्रीची खेप घ्यायची तर दिवसाची झोप झालेली असावी, चारशे किलोमीटरपुढे दुसरा चालक असावा आणि त्याचा पगार भाड्यात धरलेला असावा. तसा दर गिऱ्हाईक देत नसेल, तर ते काम आपले नाही. निघण्याआधी टायरची हवा आणि लॅशिंगचे, म्हणजे माल बांधायचे, पट्टे तपासायचे, आणि पंधरा-वीस किलोमीटरवर थांबून पट्टे पुन्हा ओढायचे, कारण माल बसला की ते सैल पडतात.

शेवटची पायरी : हो किंवा नाही

दोन महिन्यांच्या वहीतून तीन आकडे काढावेत: महिन्याला खात्रीने मिळणारे भरलेले किलोमीटर, त्यांचा मिळणारा सरासरी दर, आणि पैसे हातात येण्याचे सरासरी दिवस. पहिल्या दोन आकड्यांचा गुणाकार चालकाच्या पगारासकट एकूण खर्चापेक्षा निदान पंधरा-वीस टक्क्यांनी जास्त येत असेल, आणि तिसऱ्या आकड्याइतके दिवस चालवण्याची रक्कम बाजूला असेल, तर गाडी घ्यावी. गुणाकार जेमतेम जुळत असेल, तर नवी न घेता जुनी घ्यावी किंवा आणखी तीन महिने कमिशनवर काम करावे. चालकाचा पगार वगळल्यावरच तो जुळत असेल, तर मी नको म्हणेन. तेवढ्याच पैशांसाठी दुसऱ्याच्या गाडीवर चालक म्हणून काम केले तर निदान कर्जाचे ओझे नसते.

गाडी घेतल्यावरही वही बंद करू नये. दर महिन्याच्या एक तारखेला बँकेत उरलेले कर्ज आणि आपल्या गाडीचा बाजारातील चालू भाव हे दोन आकडे शेजारी लिहावेत. सलग तीन महिने खर्च निघाला नाही आणि गाडीचा भाव अजून कर्जापेक्षा वर आहे, तर त्याच महिन्यात बँकेची परवानगी घेऊन गाडी विकून मोकळे व्हावे. भाव कर्जाच्या खाली गेला की विकूनही पदरचे पैसे भरावे लागतात आणि मग माणूस केवळ हप्त्यासाठी, मिळेल त्या दराने, गाडी पळवत राहतो.